हिरामावशीसाठी थांबलेली गाडी

हसाल तुम्ही, पण झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की गाडी थांबवायचीच, हा नियम आमच्या डिलाईल रोडला नवा नवा लागला ना, तेव्हाची गोष्ट. मी सायकल धरून उभा. आमची मासेवाली हिरामावशी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यात उतरली आणि समोर एक लांबलचक गाडी अलगद थांबली. इतक्या वर्षांत गाडी थांबली की गिऱ्हाईक, एवढंच मावशीला ठाऊक. तिने झेब्रावरच बैठक मारली, पाटीवरचं फडकं काढलं. पापलेटं उन्हात लखलखली.

"बोल शेट, काय देऊ?"

गाडीवाला बघतच राहिला. मागे रांग लागली, पण हॉर्न कुणी वाजवेना. हवालदार धावत आला.

"मावशी, उठा! तो मासे घ्यायला नाय थांबला."

"मग कशाला थांबलाय?"

"तुम्ही पलीकडे जावं म्हणून. नियम आलाय."

"नुसतं मी जावं म्हणून?"

ओहोटीला समुद्र मागे सरताना बघावं, तशी ती त्या गाड्यांकडे बघत राहिली. मग पाटी उचलून सावकाश पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पाटी न घेता. अबोलीची वेणी माळलेली. नुसती पलीकडे गेली आणि परत आली.