नारळाने मारलेला शेरा

विषय : शेजारीण यामिला हिच्या आईचा आयर्लंडचा व्हिसा-अर्ज. संदर्भ : खोबऱ्याचे चार तुकडे.

तर झालं असं, २०२१ मध्ये लॉकडाउनमुळे मी आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनला लेकीकडे अडकलो होतो. यामिला क्युबाची, सांतेरिया धर्म पाळणारी. आई तिकडे हवानात एकटीच, म्हणून तिला इकडे आणायच्या अर्जाआधी यामिलाने खोबऱ्याचे तुकडे टाकून देवाला कौल लावला. तीन तुकडे उताणे पडले, एक पालथा.

"म्हणजे हो, काका. पण काहीतरी अपुरं आहे."

"पाश्चात्त्य तत्त्वज्ञ देवाला काही विचारण्याआधी तो आहे का, हे सिद्ध करत बसतात," मी म्हणालो.

"तुम्ही आईला काही विचारण्याआधी ती आहे हे सिद्ध करायचात?"

मी जुन्या सवयीने फॉर्म तपासला. आईची सहीच राहिली होती.

"पाहिलंत?"

"सही राहिल्याचं मी शोधलं. कचेरीत जन्मभर दुसरं काय केलं?"

"पण आज फॉर्म उघडायला कोणी लावलं?"

कार्यकारणभावावरची माझी पुस्तकं पुण्याला राहिली होती. तरी मी मनातल्या मनात ती सगळी चाळली. मग सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून फॉर्म तिला परत दिला.

हवानाहून सही मागवून तिने अर्ज पाठवला. तो अद्याप प्रलंबित आहे.