आजोबांची अट आणि वाडीचा राखणदार

...न्हाय, पण मेलेल्या माणसाशी भांडायचं कुठं, सांगा ना! आमचे आजोबा, येसाजी, मी चड्डीत होतो तेव्हा वारले. जाताना नागावची नारळा-सुपारीची वाडी ट्रस्टात अडकवली न वर अट, 'वाडीत कुणी वीट लावायची न्हाय, कायम!' कायम म्हंजे? चंद्र-सूर्य असेस्तोवर? अहो, शेजारच्या सदूनं खोल्या काढल्या, शनिवारी गाड्यांनी रस्ता भरतो, न आम्ही त्याच्या पाहुण्यांना शहाळी सोलून देतो! आमचा रितेश म्हणतो, "बाबा, दोन खोल्या बांधा, न्हायतर मी चाललो पनवेलला." एकुलता एक पोरगा हो! तो गेला की घरात मी न टीव्ही. पण भांडायचं कुठं?

तुम्हाला सांगतो, केतन वकील भेटला, आमच्याच आळीतला. चष्मा सरकवत म्हणाला, "दादूकाका, मेलेल्याला कायमचं राज्य करता येत न्हाय. अट चालते ती जित्या कुणाच्या आयुष्यापुरती, वर फार तर पुढचं पोर सज्ञान होईस्तोवर. 'कायम' लिहिलं की अख्खी अटच फुकट! आता तर कायदा आणखी सोपा करा म्हणतायत लोक." मी पायाच पडणार होतो त्याच्या! कोर्टात चपला झिजवल्या न उडाली हो आजोबांची अट! रितेशनं मिठी मारली मला... लहानपणानंतर पहिल्यांदा. गवंडी आला, चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खुणा केल्या...

आणि माझी अक्कल गेली चरायला! म्हटलं, कुदळ मारायच्या आधी वाडीच्या राखणदाराला विचारावं. दगडातला देव हो, वाडी राखतो ना तो, दरसाल नारळ-कोंबडा घेतो! पण कुणी सांगितलं होतं विचारायला? कौल लावला, त्याच्या दगडाला ओली फुलं चिकटवली, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाय... डावं पडलं! टपकन! परत लावलं, परत डावं! गवंड्यानं ओळंबा गुंडाळला, "काका, माझी बी पोरंबाळं हायत."

म्हटलं, केतन, काढ तुझा कायदा! तर केतन चपला काढून, हात जोडून उभा! म्हणतो, "आजोबा मेले होते म्हणून जिंकलो, काका. हा कधी मरायचा?" घ्या! आता ह्याच्याशी भांडायचं कुठं?

रितेश गेला पनवेलला. लई वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. काल फोन आला त्याचा. मला वाटलं, परत येतोय... तर म्हणतो, "बाबा, इथंच घर बघितलंय. कायमचा राहू का? तेवढं राखणदाराला विचारा."

काय करणार? गेलो फुलं घेऊन. विचारलं.

पहिल्याच खेपेला उजवं पडलं हो!