मोठ्या चाकांचा मान

हॅलो?… हो ताई, मीच. फोन जरा कानाशी घट्ट धर आणि बस तिथेच बाकावर. अशी कथा सांगते की कुठल्या बुवांच्या तोंडून ऐकली नसशील…

नाही गं, पोचलो नाही. तीच तर कथा! पुलावर आहोत…

अजून पुलावरच!… नाही, पूल धड आहे. सौजन्याला पूर आलाय, त्यात अडकलोय…

बाबा काय म्हणतात?… मी आल्याशिवाय स्ट्रेचरवर चढणार नाही? अगं, समजाव ना त्यांना! छातीचं ऑपरेशन आहे, फिरायला नाही निघालेत… माझं ऐकतील, हो, पण मी तिथे पोचले तर!

कार? कुठली कार? कार विकून तर या ट्रकची चाकं आली. विसरलीस? तुझ्या मेहुण्यांचा ट्रक म्हणजे साधा आहे का! विटा वाहायच्या नाहीत, भाजी वाहायची नाही, नुसता मिरवायचा. आणि आज सासऱ्यांचं ऑपरेशन म्हणून धुऊनपुसून काढला. दवाखान्यापुढे शोभला पाहिजे ना!…

ऐक तर. समोरून दुसरा हौशी आला. ट्रकच्या अख्ख्या अंगावर मोर रंगवलेला. आता पूल एका गाडीपुरता. यांनी दिवे मिचकावले, या म्हणून. त्याने मिचकावले, छे छे, तुम्ही या. दोघं थांबले. मग दोघांनाही वाटलं, समोरच्याचा शब्द मोडणं बरं नाही. निघाले दोघं एकदम…

हो. बरोब्बर मधोमध. नाकाला नाक…

मागे घ्यायचा ना, घ्यायचा! त्याचंच तर भांडण! यांच्या हौशी ट्रकवाल्यांच्या मंडळात रीत आहे म्हणे, ज्याची चाकं मोठी त्याने मागे सरायचं. मागे सरण्याचा मान असतो तो, ताई! एवढी अक्कल तुझ्या-माझ्यासारखीला कुठली?…

हसू नकोस. ते म्हणतात माझी मोठी, तो म्हणतो माझी. उतरले दोघं. टेप निघाली. "दादा, तुम्ही धरा." "नाही दादा, तुम्हीच धरा." टेपचं टोक कुणी धरायचं यावरही आग्रह! लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढल्यासारखा…

मोजली. सारखी भरली!… मग काय, हे म्हणतात, तुमच्या चाकात हवा जास्त आहे, हवा समान करून पुन्हा मोजू…

मी? मी वर बसलेय. उतरायला शिडी लागते आणि शिडी ह्यांनी पुसून मागे ठेवलीय…

नाही सांगितलं यांनी त्याला! बाबांबद्दल एक अक्षरही नाही. विचारलं मी. म्हणतात, स्वतःची अडचण सांगून वाट मागणं बरं दिसत नाही, भाऊबंदांत लाज जाते. घे! बायको रडकुंडीला आलीय ते बरं दिसतं…

काय?… पुन्हा सांग. बाबांनी काय केलं?… शेजारच्या पलंगावरच्या माणसाला म्हणाले, माझ्याऐवजी तुम्ही जा? आपला नंबर दिला?… अरे देवा, तिथेही तेच! आणि डॉक्टर?… हा नंबर गेला तर आज नाही? मग कधी?… परगावी चाललेत? ताई, त्यांना सोडू नकोस, दारात आडवी उभी राहा. थांब, फोन ठेवू नकोस…

अहो! ओ मोरवाले दादा! हवा राहू द्या! माझ्या वडिलांना ऑपरेशनला नेतायत, ते माझ्यासाठी अडून बसलेत! तुमचा दोघांचा मान मी घरी नेऊन फ्रेम करून लावते, पण आता वाट द्या हो!…

ताई, तो यांच्याकडे बघतोय… टेप टाकली त्याने. "वहिनी, आधी सांगायचं नाही का!" असं म्हणून चढलासुद्धा. मागे घेतोय… अगं, जोरात घेतोय! मागचं काही दिसत नसणार त्याला… हे ओरडतायत, डावीकडे, डावीकडे… गेला! कठड्याला घासला!…

नाही, त्याला काही झालं नाही. मोर गेला. मानेपासून पिसाऱ्यापर्यंत खरवडून निघाला गं… थांबत नाहीये. बघतही नाहीये तिकडे. सरळ पार नेला मागे… खिडकीतून हात हलवतोय, जा जा म्हणून…

निघालो. हो, निघालो. हे डोळे पुसतायत आणि म्हणतायत धूळ गेली…

बाबांना दे फोन… बाबा, ऐका. तुम्ही कुणाला काही देऊ नका आज. माझी वाट बघू नका. मला यायला अजून वेळ आहे, चढा त्या स्ट्रेचरवर… नाही, मी रुसणार नाही. शुद्धीवर याल तेव्हा पहिलं तोंड माझंच दिसेल… हो. मीही घाबरलेय. जा…

ताई? नेलं?… गेले ना आत?… बरं. तुझा आवाज तुटतोय, घाट आला. एवढंच कर. तिथे देवाचं चित्र असेल, नसेल तर डोळे मिट. बाबांसाठी हात जोडशील तेव्हा त्यालाही आठव… नाव? नाव विचारलंच नाही गं. मोरवाला म्हण… हो, आता मोर उरला नाही, तरी मोरवालाच म्हण… ताई?… हॅलो?