तिसऱ्या खान्यातलं अक्षर

नाही, नाही, सायकल स्टँडवर नका लावू, तो स्टँड कलंडतो — भिंतीला टेकवा, हां, अशी. दमलात? पाणी तिथे खिडकीत आहे, ताई. बसा ना, बोटीला अजून पाव तास आहे, आणि आपली बोट वेळेवर सुटली तर मीच दचकेन. कसा वाटला रस्ता? — बघा! म्हटलं होतं ना! मिठागराच्या बांधावर दोन्ही बाजूंना पाणी आणि मध्ये वीतभर रस्ता, तिथे सगळेच थांबतात. थांबतात, फोटो काढतात आणि परत येऊन मला सांगतात की फोटोत ते आलंच नाही. नाहीच येत. आणि दीपगृहाचा चढ? उतरून ढकलली? अहो, त्यात लाजायचं काय, मीही ढकलतो. बेचाळीस किलोमीटर आहेत, सगळ्या बेटाला वळसा. चुकला नाहीत ना कुठे? चुकणारच नाही, एकशे अकरा पिवळे बाण रंगवलेत मी रस्त्यावर — गुडघे सोलवटून घेतले, पण एकही वळण सोडलं नाही.

कार्ड द्या. सह्यांचं हो, तीन खान्यांचं. हसू नका, सगळा धंदा त्या कार्डावर उभा आहे — धंदा म्हणजे काय, या महिन्यात तुम्ही चौथ्या. पण येतील. मी परदेशात शिकायला होतो ना, तिथे एका ओसाड किनाऱ्यावर लोक नुसती सायकल चालवायला यायचे, आणि तेवढ्यावर तिथली बेकरी चालायची, पोस्ट चालायचं, शाळा बंद पडता पडता राहिली. तेव्हाच ठरवलं, शिक्षण संपलं की परत. आपल्याकडे कमी काय आहे? अर्धी घरं कुलूपबंद आहेत, तेवढंच. ती उघडायची तर रस्त्याने कुणीतरी जायला हवं, आणि नुसतं भुर्रकन जाऊन उपयोग नाही, दाराशी थांबायला हवं. म्हणून सह्या. मित्र म्हणाला, खांबाला फोनचा कोड चिकटव, काम झालं. म्हटलं, खांब पाणी देणार आहे का? खांब ‘कुठून आलात’ विचारणार आहे? माणसाच्या हातचंच हवं. तीन घरं, तीन माणसं. वेळ लिहायची, वारा कसा आहे ते लिहायचं आणि सही.

ही पुलाजवळच्या शिंपीणबाईंची — वेळ विसरल्या, नेहमीसारख्या. बोलल्या तुमच्याशी? सोडतात होय त्या! ही मिठागराच्या राखणदाराची, हा गडी मुंगीएवढी सही करतो. आणि ही... निळ्या दाराचं घर...

ही तुम्ही केलीत.

नाही, ताई, चिडत नाही मी. ऊन होतं, पाय दुखत होते, लोक एखादं घर टाळतात, कळतं मला. पण मग खाना कोरा ठेवावा. हे बघा — ‘वारा बरा आहे.’ तो माणूस असं लिहिणारच नाही. चाळीस वर्षं फेरीबोटीचं सुकाणू धरलंय त्याने. त्याच्या लेखी वारा बरावाईट नसतो, वारा कुठूनतरी येत असतो. थांबा, दाखवतो — ही मागची कार्डं. हो, ठेवून घेतो मी. गिऱ्हाइकाला छापील प्रमाणपत्र देतो, कार्ड माझ्याकडे. वाचा. ‘नैर्ऋत्येचा, संध्याकाळी वाढेल. चेन कोरडी.’ हे — ‘पश्चिमेचा. मागचा ब्रेक घासतो, वळणापासून ऐकू येतं.’ हे तर बघा — ‘सीट या बाईंना उंच होती. खाली केली. आधी विचारत जा.’ सायकलीला नावं ठेवल्याशिवाय सही होतच नाही! आणि मी ते लगेच दुरुस्त करतो, त्याच दिवशी. दुसरं कुणी एवढं बारकाईने...

काय म्हणालात?

त्यांनीच सांगितलं. तुम्हाला. ‘मुली, तूच लिही’ — असं? चष्मा सापडत नाही म्हणाले? आणि चष्मा कुठे होता? — डोळ्यांवर.

एक सांगा, पाणी कोणत्या हाताने दिलं? आठवा, ताई, जरा आठवा. डाव्या. आणि उजवा? टॉवेलखाली. मांडीवर, सगळा वेळ. बोलणं स्पष्ट होतं? तोंड वाकडं-बिकडं नाही ना? बरं. दारापर्यंत चालत आले? बरं. बरं.

हे मागच्या आठवड्यातलं कार्ड. ‘पश्चिमेचा’ — बघा, शेवटचं अक्षर कसं खाली घसरलंय, रेघ ओलांडून. मला काय वाटलं माहितीये? पेन खराब झालं असेल. मी नवं पेन पाठवलं, ताई! एका गिऱ्हाइकाच्या हातून. चांगलं, जाड, पकडायला सोपं असं निवडून — आणि वर खूश झालो की आपल्याला किती सुचतं.

हो. बाबा आहेत माझे. आई मी तिकडे असतानाच गेली, आता ते एकटेच. नाही, बोलत नाही आम्ही. दोन वर्षं झाली. बोटीतून उतरलो तेव्हा ते धक्क्यावर होते, मी उत्साहाने सगळं सांगितलं, नकाशा दाखवला. म्हणाले, ‘सायकली भाड्याने द्यायला एवढं शिकलास?’ मला वाटलं होतं, परत येणाऱ्याला लोक जवळ घेतात. नाही घेत. परत कधी जाणार, तेवढं विचारतात. तरी ते चाललं असतं, पण मी तोंड आवरलं नाही. म्हणालो, ‘तुम्ही जन्मभर एकाच पाण्यावरून इकडून तिकडे गेलात, तुम्हाला जगातलं काय कळणार?’ सगळ्या धक्क्यासमोर. त्यांचे खलाशी उभे होते. त्याच इकडून-तिकडेवर मी शिकलो ना, ताई.

त्यांनी नुसती माझी बॅग खाली ठेवली. तोवर हातात धरून होते.

लांब? कुठे लांब, सात किलोमीटर. इथून डावीकडे वळलं की सात. तुम्ही पस्तीस करून पोचलात, कारण बाण तसे आहेत. बाण मीच काढलेत. दीपगृहावरून खाली सरळ उतरता येतं, चांगला रस्ता आहे, निळं दार वाटेत लागतच नाही. मी मुद्दाम आत वळवलाय. म्हटलं, कुणीतरी जात राहील दारावरून. कुणीतरी पाणी मागेल. — त्यांना कळत नाही कार्ड कुणाकडे येतं? मग ‘चेन कोरडी’ कुणाला लिहितात, समुद्राला?

जा म्हणता? सोपं वाटतं तुम्हाला. अहो, ते चष्म्याचं निमित्त माझ्यासाठीच होतं. मला कळू द्यायचं नाही त्यांना. मी दारात उभा राहिलो की पहिला प्रश्न — ‘कोणी सांगितलं?’ आणि एकदा कळलं की दुसऱ्या दिवसापासून ते दार कुठल्याच सायकलवाल्याला उघडणार नाही. मग माझ्याकडे काय राहिलं? आत्ता निदान खाना भरून येतोय. — तुमच्या अक्षरात, हो. वाचता येतं मला.

शिक्का करतो. रबरी. डाव्या हाताने दाबता येतो. तिन्ही घरांना देईन, म्हणजे एकट्यांनाच दिलाय असं नको वाटायला. शिंपीणबाईंना आवडेल, वेळेचा घोळ नको. वर चंद्रकोरीसारखा किनारा, खाली घराचा आकडा... शिक्क्यात वारा नसतो, कळतं मला. माणसाच्या हातचं मीच म्हणालो होतो, हो, मगाशीच म्हणालो, त्याला काय करू? तत्त्वं धडधाकट हातांची असतात.

ताई, तुम्ही सायकल चालवायला आलात, चालवलीत, छान झालं. माझ्या घरचं सोडा. हे सायकलीसाठी ठेवून घेतलेलं तुमचं ओळखपत्र, हे प्रमाणपत्र — नावाचं अक्षर बरोबर आहे ना? भोंगा झाला, आज नेमकी वेळेवर आलीये. चला, निघा.

ताई — एक मिनिट. सायकलीबद्दल काही म्हणाले? ब्रेकबद्दल, चेनबद्दल, काहीही? वाकून बघितलं असेल ना, ते बघतातच.

बघितलंही नाही?

बरं. म्हणजे सायकल ठीक आहे. पळा, फळी ओढतायत.