कोळशावरचा सेस गेला आणि व्याही आले

आमचं मूळ गिरणेच्या काठचं, धरणगाव तालुक्यातलं. वडील विटा थापायचे, मीही थापल्या, मग स्वतःची भट्टी लावली, लोक म्हणाले आता हा शेठ झाला. कसला शेठ, ताई, अंगावर तीच राख, फक्त आता ती माझी स्वतःची. तर मूळ सांगत बसलो की मी दुपार करतो, तुम्ही चहा घ्या, मी व्याह्याचंच सांगतो.

माझी एकुलती एक लेक मनीषा एरंडोलला दिली. तिचे सासरे दगानाना, एसटीत कंडक्टर होते, आवाज असा की अजूनही ते ओरडले तर रस्त्यावरची बस थांबते. त्यांनी घर बांधायला काढलं. जुनं पाडलं, मागे पत्र्याचं शेड टाकलं आणि त्यात माझी लेक, तिचा नवरा आणि माझी दीड वर्षाची नात. विटा अर्थातच माझ्याकडच्या. व्याह्याशी भाव करता येत नाही ना, मी भाव सांगितला, त्यांनी पानाला चुना लावत मान हलवली, झालं.

आणि मग सरकारनं कोळशावरचा सेस, म्हणजे तो वरचा जादा कर, काढला. काय सांगू तुम्हाला, दुसऱ्याच दिवशी नाना भट्टीवर हजर, हातात पेपर नाही, पिशवी नाही, नुसता आवाज. व्याही, कोळसा स्वस्त झाया ना? मंग वीट का बरं महागच शे? मजूर थांबले, ट्रॅक्टर थांबला. मी म्हटलं नाना, एक कर काढला तर दुसरा वाढवला, आणि धुळ्याचा कोळशेवाला म्हणतो जुना माल संपू द्या. आणि भट्टीचं तर तुम्हाला ठाऊक शे, विटा रचतानाच मधे कोळशाचा थर घालावा लागतो, एकदा पेटली की कोळसा बदलता येत नाही, ही जळते ती जुन्या कोळशावर. नाना हसले. म्हणे मागे कोळसा महागला तेव्हा तुमच्या भाजून थंड झालेल्या विटाही त्याच संध्याकाळी महाग झाल्या, त्या कोणत्या कोळशावर भाजल्या होत्या? बठ्ठे मजूर, एकूण एक, हसले, माझाच मुकादम सगळ्यात मोठ्यानं.

नाना म्हणाले, मग पुढच्या भट्टीच्या विटा घेतो, आम्हाला घाई नाही. त्यांना घाई नाही हो! शेडमध्ये माझी लेक, वर थंडी, नातीला खोकला. बायको रात्री जेवताना भाकरी अशी आपटे की ताट बोलायचं. म्हणे व्याह्याशी जिंका आणि पोरीला पत्र्याखाली ठेवा.

मी जळगावला वकिलाकडे गेलो. विचारलं, साहेब, कर गेला तर मला भाव उतरवावाच लागतो का? ते म्हणाले तुमच्या धंद्यात तशी सक्ती मला दिसत नाही, बाजाराला पटेल तो भाव घ्या. मी खूश होऊन बाहेर आलो आणि जिन्यातच खुशी उतरली. सक्ती असती तर बरं झालं असतं, सरकारला शिव्या दिल्या असत्या. आता कोणाच्या नावानं ओरडू? बसमध्ये बसवेना, उभं राहवेना, शेजारचा म्हणाला, काका, मुंग्या चावतायत का?

घरी न जाता सरळ एरंडोल गाठलं. नानांना म्हटलं, उतरवला भाव, उद्या ट्रॅक्टर पाठवतो, पण कोणाला सांगू नका, फक्त व्याह्यासाठी. कंडक्टरला सांगितलं मी, कोणाला सांगू नका! सकाळी भट्टीवर पाहतो तर रांग. एक म्हणे मी मनीषाच्या चुलत सासूचा भाऊ, दुसरा म्हणे आमचा कुत्रा तिच्या दारातला. आख्खा तालुका माझा व्याही झाला. कोणाला नाही म्हणू? सगळ्यांना उतरवला.

धुळ्याच्या कोळशेवाल्या शेठचा मात्र जुना माल अजून संपत नाही. दर मंगळवारी जातो, चहा पितो, म्हणतो, शेठ, माझ्याकडून भाव खाली गेला, तुमच्याकडून कधी येईल? तो म्हणे बघू. मग गोदामात जाऊन मीच ढिगाभोवती फेरी मारतो, झोप नीट लागत नाही तेव्हा तो ढीग डोळ्यांपुढे येतो.

पण मनीषाच्या खोलीवर परवा छत आलं. नातीनं ओल्या ओट्यावर पाय उमटवला, गवंडी ओरडला, नाना त्याच्यावर ओरडले, राहू दे रे! बरं वाटलं. भाव व्याह्याला घाबरून उतरवला की देणंच होतं म्हणून, ते माझं मलाच कळत नाही, आणि आता कळून करायचंय काय. सगळ्यांची घरं उभी राहोत. देव त्या शेठलाही भरपूर देवो, आणि त्याला चांगला तीन मजली बंगला बांधायची बुद्धी देवो. विटांना तो माझ्याकडेच येईल. मीही म्हणेन, बसा शेठ, चहा घ्या, जुना माल संपू द्या.