शोभाताईचं ओलं पोतं

तुमी दुकानदाराईच्या लबाड्या सांगून राह्यले, तं आता मंगरूळच्या शोभाताईचं ऐका. असं माणूस मी तं पाह्यलं नाही, बाप्पा! तिचं बियाण्याचं दुकान आहे. सोयाबीनच्या नव्या बॅगा आल्या का त्यातलं मूठभर बी ती ओल्या पोत्यात गुंडाळते अन् किती उगवलं ते पाहते. हे आपण सारेच घरी करतो. पन शोभाताई ते पोतं दुकानाच्या दारातच उघडून ठेवते!

यंदा मी गेलो, तं एका कंपनीच्या अर्ध्याही बियाले मोड आले नव्हते. बाजूलेच त्या कंपनीचा माणूस घामाघूम उभा. 'मॅडम, हे पोतं आत घ्या. गिऱ्हाईक परत चाललंय.'

शोभाताई म्हणे, 'आतमंदी नेल्यानं उगवते काय ते?'

'बाकीचे दुकानदार विकतातच ना?'

'मंग त्याईलेच द्या. ह्या बॅगा वापस न्या.'

गडी तणतणत गाडीत जाऊन बसला. मले वाटलं, गेला. तं उतरून परत आला अन् हळूच म्हणे, 'ताई, अनसिंगले आमचं वावर आहे. बाबा पेरणीसाठी थांबले आहेत. त्याईले कोणतं बी नेऊ?'

म्हटलं, आता बाई याले सोडत नाही. पन ती एक शब्द टोचून बोलली नाही. चांगले मोड आलेलं दुसरं पोतं तिनं उलगडून दाखवलं अन् म्हणे, 'हे न्या. पन माह्यावरही भरवसा ठेवू नका. बाबाले म्हना, आधी घरी पोत्यात टाकून पाहा, मंगच पेरा.'