पावणेचोवीस इंचांची बाही

नाही साहेब, उभे राहू नका, बसा. आमचा मालक, अर्बाब, दुपार कलल्यावरची असरची नमाज पढून मगच दुकानात येतो, आणि त्याला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणताय, तर तोवर स्टुलावर बसायला काय हरकत आहे. ताबिशपण मशिदीत गेलाय. मी एकटाच आहे. शर्ट द्या इकडे, बघू तरी — हो, लांब आहे. बाही इंचभर लांब आहे. घालून दाखवायची गरज नाही, तुमचा हात मला वीस वर्षं पाठ आहे. अरबांच्या या मुलखात, वादी अदाईत दुकान यायच्या आधी, रुवीत होतो तेव्हापासून. तेव्हा तुम्ही कंपनीचं विमान चालवत होता आणि चार-चार शर्ट एकदम शिवायला टाकत होता. बाही घड्याळावर आली की चिडायचात. आठवतं ना?

गुरुवारी निघताय, मला ठाऊक आहे. विलायतेत, लेकीकडे, पूर्वाताईंकडे. आणि तिथे परीक्षा. माप द्यायला आलात त्या दिवशी तुम्ही ताबिशला सगळं सांगत होता, मी इकडे काजं करता करता ऐकत होतो. माझी शाळा चौथीपर्यंत, पण कान शाबूत आहेत. ढगात शिरलं की बाहेर काही दिसत नाही, मग समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून विमान चालवायचं — त्याचा मोठा दाखला तुमच्याकडे होता. छातीचं ऑपरेशन झालं, उडणं बंद पडलं, दाखल्याची मुदत गेली. सात वर्षांच्या वर झाली म्हणून आता तो परत हवा तर सगळे पेपर नव्याने लिहायचे. ते या वयात कोण लिहिणार? म्हणून जुना दाखला दाखवून त्याच्या खालचा घ्यायचा. एक परीक्षक शेजारी बसेल, तुम्ही चालवून दाखवायचं, झालं. ढगात जायची परवानगी राहील — फक्त उतरताना धावपट्टी जरा वरूनच दिसायला हवी, आणि तो दाखला तिथल्याच आभाळात चालेल. बरोबर सांगितलं ना? तुम्ही हे सांगताना असे हसलात, जसं काही उसनं मागून आणलेलं दाखवताय. मला ते हसू बघवलं नाही. दया आली म्हणून नव्हे हो — मला तुमचा हेवा वाटला.

खरंच. आमच्या धंद्यात कापड बेततो तो मास्टर, शिवतो तो कारागीर. मी तेहेतीस वर्षं मास्टर. मग डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही काढले, तरी संध्याकाळी कडा धूसर दिसते. एका गिऱ्हाइकाच्या सफारीच्या दोन्ही बाह्या मी डाव्या हाताच्या बेतल्या. दोन्ही डाव्या! अर्बाब ओरडला नाही. माझ्या हातातली कात्री घेतली, ताबिशच्या हातात दिली, म्हणाला, बदरुद्दीन, खलास. कुणी शेजारी बसून बघितलं नाही, की याला कोट जमत नसेल, साधा सदरा तरी जमतो का. तुम्हाला वरून खाली यायला मधली पायरी आहे, साहेब. मला एकदम जमिनीवर ठेवलं. काजं, बटणं, तुरपाई. आणि गिऱ्हाईक आलं की चहा.

ताबिश वाईट नाही. माझ्या बहिणीचा मुलगा, कात्री धरायला मीच शिकवलं. इथल्याच शाळेत वाढला, इंग्रजी फाडफाड, मराठी बोलताना मात्र अडखळतो. मला मामू म्हणतो, माझ्या डोळ्यांत थेंब घालतो, दिवसातून तीनदा, अजून विसरला नाही. पण गिऱ्हाईक दारातून "मास्टर" म्हणून हाक मारतं तेव्हा मान माझी वर होते आणि ओ तो देतो. त्याचं तरी काय चुकतंय? तोच मास्टर आहे. गावाहून कुलसुमचा फोन येतो, तीपण पहिलं विचारते, ताबिश जेवला का. मी तिचा नवरा. मी म्हणतो, जेवला. मग ती विचारते, तुम्ही?

आता बघा, आणि त्या दिवशी तुम्ही आलात. वीस वर्षं मला मास्टर म्हणणारा माणूस. तुम्ही ताबिशला म्हणालात, मास्टर, माप नीट घ्या, परीक्षेचा शर्ट आहे. आणि माझ्याकडे वळून म्हणालात, चाचा, जरा पाणी देता? तुमचा काही दोष नाही. तहान लागली होती तुम्हाला. मी पाणी दिलं. मग टेप मी धरली, कारण माप घ्यायला हात अजून चालतो, आणि ताबिश वहीत लिहायला बसला. खांदा, छाती, गळा, सगळं मी त्याला कळेल असं सांगितलं. त्याच्यासाठी म्हणून मी इंग्रजी आकडे शिकलोय, साहेब, सत्तराव्या वर्षी. ट्वेंटी थ्री, थ्री-फोर्थ — येतं मला. बाहीला आलो आणि म्हणालो, पावणेचोवीस.

त्याला पावणे कळत नाही. सव्वा कळतं, साडे कळतं. पावणेचोवीस म्हटलं की तो चोवीस धरतो आणि पाऊण वर चढवतो. मला ठाऊक होतं. तुम्ही पुण्याचे, तुमच्या कानावरून तो शब्द सरळ गेला, थांबायचं काही कारणच नव्हतं. त्याने पेन्सिल जरा वर धरली, माझ्याकडे बघितलं. मामूला पुन्हा विचारावं तर मामूला वाटेल, भाषा येत नाही — लाजला तो. मी टेप गुंडाळत बसलो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस बरं वाटत होतं. त्याने कापड बेतलं तेव्हा मी शेजारीच बटणं लावत होतो. एक शब्द बोललो असतो तर...

असं बघू नका.

मागच्या महिन्यात एक तक्रार आली होती, ती खरंच त्याची चूक होती. अर्बाब तेव्हा त्याला म्हणाला, आणखी एक आली की दुसरा मास्टर आणतो, तू तुझ्या घरी. ताबिशची बायको मुनिबा त्याच्याच व्हिसावर इथे आहे. तिला सातवा महिना लागलाय. हे मला टेप धरली तेव्हापण ठाऊक होतं. तुम्ही मघाशी पिशवीतून शर्ट काढून अर्बाबला भेटायचंय म्हणालात, तेव्हा कुठे मला त्याचं घर मोडताना दिसलं. आधी का दिसलं नाही, मला विचारू नका.

बाही मी नीट करून देतो. कफ उसवायचा, इंच काढायचा, परत लावायचा. उद्या दुपारपर्यंत घरी पोचवतो, कुणाला खूण दिसणार नाही. पण तेवढ्याने भागत नाही, कळतंय मला. तुम्ही अर्बाबला ताबिशचं नाव सांगणार होता. ती गाडी लागली बघा समोर. त्याचीच आहे.

शर्ट राहू द्या इथे. मागच्या दाराने जा, साहेब. माप कुणी चुकवलं ते त्याला मी सांगतो. नाही, थांबू नका — तुम्ही समोर असलात तर मला लाज वाटेल, आणि लाज वाटली की मी खोटं बोलेन. जा.